अकरा नंबरच्या जीनचं पॅकिंग

पत्र्याचा तुकडा होता तो. बोटाच्या पेराएवढा, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, तेलानं काळा पडलेला. अकरा नंबरच्या जीनमध्ये डाव्या बाजूच्या पातीखाली तो किती वर्षांपासून बसलाय, हे एकाच माणसाला माहीत होतं. आणि तो माणूस त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला गेला होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, व्यवस्थापक आहे. गावाचं आणि जिनिंगचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं आजही तिथेच काम करतात. सरकी काढणारी चोवीस डबल रोलर जीन, रुईच्या गाठी बांधणारा एक प्रेस, हंगामात दोन्ही पाळ्या मिळून साठ-सत्तर माणसं. त्यातली बारमाही नोकरीवर फक्त नऊ. बाकीचे कापूस आला की येतात, संपला की जातात. जीनवर कापूस टाकणारी टोळी मध्य प्रदेशातून येते. कचरा वेचणाऱ्या बाया जवळच्या दोन गावांतल्या आणि एका कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या. फिटर एक, त्याचा हेल्पर एक. ऑफिसात दिवाणजी, गेटवर काटेवाला. विदर्भातली कुठलीही मध्यम जिनिंग साधारण अशीच असते.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर त्या तुकड्याचं, म्हणजे पॅकिंगचं, महत्त्व कळणार नाही. जीनमध्ये चामड्याचे दोन रोलर उलटसुलट फिरतात. प्रत्येक रोलरला एक स्थिर पाती घट्ट टेकलेली असते. कापसाचा धागा रोलरला चिकटून पातीखालून पलीकडे ओढला जातो. सरकी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलती पाती तिला ठोकत राहते आणि धागा सुटला की सरकी जाळीतून खाली पडते. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. पाती रोलरवर किती दाबायची आणि दोन पात्या एकमेकींवर किती चढवायच्या, सगळा खेळ यावर आहे. दाब कमी पडला तर रुई ओढली जात नाही. जास्त झाला तर रोलर तापतो, चामडं करपतं. पात्यांची चढ चुकली तर सरकी फुटते आणि तिची टरफलं रुईत जातात.

अकरा नंबरच्या जीनची एक बैठक, म्हणजे पाती टेकते ती जागा, एका अंगानं झिजली होती. म्हणून आमच्या फिटरनं, मिस्त्रीकाकांनी, कधीतरी पातीखाली ते पॅकिंग टाकलं आणि जीन सरळ चालू लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

त्या मे महिन्यात काय झालं

2022-23 चा हंगाम उलटा गेला होता. आदल्या वर्षी कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला शेतकऱ्यांनी पाहिला होता. नव्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 6080 आणि लांब धाग्याचा 6380 रुपये होता. बाजार सुरुवातीला त्याहून बराच वर होता, पण दहा हजार काही दिसेना. लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. माजघरात गंजी आणि पोरं झोपायला ओसरीत, अशी घरं मी स्वतः पाहिली. भाव चढायच्या ऐवजी उतरत गेला. शेवटी उन्हाळ्यात, पेरणीसाठी पैसा लागणार म्हणून, लोक नाइलाजानं गाड्या भरू लागले. जी जिनिंग एरवी मार्चअखेर आवरायला लागते ती मे महिन्यात रात्रंदिवस चालली.

तोवर मध्य प्रदेशातली अर्धी टोळी गावी परतली होती. त्यांच्या जागी घेतलेली पोरं नवी होती. घरात महिनोन्‌महिने पडलेला कापूस उन्हानं पार सुकलेला. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्के धरतात, या कापसात तो त्याच्याही खाली गेला असावा असं हाताला लागत होतं. इतका कोरडा कापूस जीनमध्ये तुटतो, उडतो, यंत्राला चिकटून बसतो. ठिणगी पडायचाच अवकाश असतो.

त्या दिवशी सकाळी हेल्परनं अकरा नंबरच्या रोलरला खाचा पाडल्या. रोलर घासून गुळगुळीत झाला की त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर धागा पकडत नाही. काम त्यानं नीट केलं. पात्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. पुसताना खाली एक काळा पत्र्याचा तुकडा सापडला. कचरा समजून त्यानं तो फेकून दिला.

दुपारी पावणेतीनला त्या जीनमधून जळकी रुई बाहेर पडली आणि वाहक पट्ट्यावरून प्रेसच्या हॉलमध्ये गेली. तिथल्या गंजीनं पेट घेतला. कापसाची आग आधी वरवर पसरते आणि मग आत शिरून धुमसते. वरून विझली असं वाटतं, आणि अर्ध्या तासानं दुसरीकडून धूर निघतो. आमच्याच माणसांनी वाळू-पाण्यानं आणि नंतर नगरपरिषदेच्या बंबानं ती आटोक्यात आणली. आत धुमसणारी रुई अंगणात पसरून विझवत रात्र गेली. कुणाला इजा झाली नाही. रुई मात्र बरीच गेली, आणि जी वाचली तिला धुराचा वास बसला.

दुसऱ्या दिवशी शेठनी विचारलं, "कोणाची चूक?" उत्तर सोपं होतं. हेल्परला काढा, म्हणाले.

मी एक दिवस मागून घेतला. मला त्या पोराची दया आली म्हणून नव्हे. मला कारण पुरतं कळलं नव्हतं. पात्या सरळ बसवूनही पाती एका टोकाला का दाबली गेली, हे मला उमगत नव्हतं. आणि जो ते सांगू शकला असता त्यालाच आपण फाटकाबाहेर काढत होतो. शेठना मी हेच म्हटलं. त्यांनी मानलं, नाखुशीनं.

चौघांना माहीत होतं

मी एकेकाला ऑफिसात बोलावलं नाही. ऑफिसात बोलावलं की माणूस बचावाची तयारी करून येतो. जेवणाच्या सुट्टीत जीनच्या शेडमागे निंबाखाली बसलो आणि एकच विचारत गेलो. काल सकाळपासून अकरा नंबरवर काय काय दिसलं, काय ऐकू आलं?

कापूस टाकणाऱ्या पोरानं सांगितलं की जीन दहा वाजल्यापासून "किरकिरत" होतं. शेजारच्या जीनवरच्यानं सांगितलं की डाव्या बाजूनं रुई कमी पडत होती. सरकी उचलणाऱ्यानं सांगितलं की फुटकी सरकी येत होती. आणि पोडावरची एक मावशी म्हणाली, "वास त सकाळपासूनच येऊन रायला होता. चामडं करपते तसा."

चार माणसं. चौघांकडे आगीचा एकेक धागा चार तास हातात होता. मी मावशीला विचारलं, मग सांगितलं का नाही?

"सांगतलं असतं त तुमी म्हनले असते, तुले काय समजते जीनचं?"

कापूस टाकणाऱ्या पोराचं उत्तर याहून जड होतं. आदल्या हंगामात एका पोरानं स्वतःहून येऊन सांगितलं होतं की त्याच्या हातून कापसाबरोबर लोखंडी पान्हा जीनमध्ये गेला. जीन वेळेवर थांबलं, नुकसान थोडक्यात निभावलं. आम्ही त्याची दोन दिवसांची रोजी कापली. "म्या पायलं ते. म्हून चूप बसलो," हा पोरगा म्हणाला. त्या कपातीच्या कागदावर सही माझी होती. चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला पूर्ण पगार, हा नियम आम्ही कुठे लिहिला नव्हता, पण शेडमधल्या प्रत्येकानं तो वाचला होता. ती दोन दिवसांची रोजी मी त्या पोराला शोधून परत दिली. तो तेव्हा दुसऱ्या जिनिंगवर होता. आमच्याकडे परत आला नाही.

मिस्त्रीकाका लग्नाहून आले. हेल्परनं जे सापडलं-फेकलं ते सांगितलं, आणि काका क्षणात म्हणाले, "पॅकिंग होतं थे." मग माझ्याकडे पाहिलं नाही.

मिस्त्रीकाकांचं म्हणणं

इथे जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण कारखान्यात ज्ञान का वाटलं जात नाही याचं जे उत्तर आपण सहज देतो ते मला चुकीचं वाटतं. जुने कारागीर स्वार्थी असतात, हातचं राखून शिकवतात, असं आपण म्हणतो. मीही म्हणत होतो.

काका या धंद्यात आले ते एकाधिकार कापूस खरेदीच्या, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारच घेई त्या काळात, पंधरा-सोळा वर्षांचे असताना. ती योजना 1972 ला सुरू झाली होती आणि जिनिंग तेव्हा लाइन शाफ्टवर, म्हणजे एका लांब फिरत्या दांड्यावर, पट्ट्यांनी चालत. त्यांना कुणी शिकवलं नाही. उस्तादाला चहा आणून देत, पान्हे पुसत, चोरून पाहत ते शिकले. पुढे 2000 साली कापूस तंत्रज्ञान मोहीम आली, जिनिंगची यंत्रं बदलली, शेड बदलले. काकांनी तेही अंगावर घेतलं. आज ते कानानं ओळखतात की कुठल्या जीनचा बेअरिंग आठवडाभरात जाणार.

मी त्यांना सरळ विचारलं, काका, हेल्परला एवढी एक गोष्ट का सांगितली नाही?

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सायेब, मले आठ महिने पगार भेटते. चार महिने घरी. हे पोट्टं पुरं शिकलं, त पुढच्या सालाले मले कोन बलावन? त्याची रोजी माह्या अर्ध्यात हाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. शेठनीच एकदा माझ्याजवळ तो हिशेब बोलून दाखवला होता. काकांच्या डोक्यात जे होतं तीच त्यांची एकमेव जमीन होती. ती पोराच्या नावावर फुकट करून द्या, असं आम्ही त्यांना वर्षानुवर्षं सांगत होतो आणि ते देत नाहीत म्हणून नाराज होत होतो.

म्हणून पहिला बदल शिकवण्याचा नव्हता, पगाराचा होता. काकांना बारमाही केलं. पावसाळ्यात एकेक जीन उघडून दुरुस्त करण्याचं काम, जे आम्ही ऑक्टोबरमध्ये घाईत बाहेरून करून घ्यायचो, ते त्यांच्याकडे दिलं. हेल्परबरोबर. शिवाय शिकवण्याचा भत्ता वेगळा, आणि हेल्पर एकट्यानं जीन बसवू लागला तर तो भत्ता वाढेल, कमी होणार नाही, असं कागदावर लिहून दिलं. शेठना पटवायला मला पाच-सहा बैठका लागल्या. शेवटी त्या आगीत गेलेल्या रुईचा हिशेब खंडीच्या भावानं, म्हणजे 356 किलोच्या दरानं, दिवाणजींनी मांडला आणि त्याच्या शेजारी काकांचा चार महिन्यांचा पगार लिहिला. दोन आकड्यांत तुलनाच नव्हती.

त्या पावसाळ्यात चोवीसपैकी नऊ जीनमध्ये अशी जुनी पॅकिंगं, वाकवलेले बोल्ट, तारेचे आधार सापडले. नऊ! दर जीनची एक वही झाली. काका सांगत, हेल्पर लिहीत असे, आणि जिथे लिहून कळणार नाही तिथे फोटो.

जे जमलं नाही

काही गोष्टी आम्ही आगीच्या आधीच करून बसलो होतो. सूचनापेटी होती. तिच्यात वर्षभरात गुटख्याच्या पुड्या निघाल्या. पेटी चालायला लिहिता येणारा माणूस लागतो, आणि आपलं लिहिलेलं कुणी वाचेल यावर विश्वास लागतो. आमच्या शेडमध्ये दोन्ही नव्हतं.

दोन पोरांना नागपूरला पाठवलं होतं. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं तिथे जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथलं शिक्षण चांगलं आहे. पोरं शिकून आली, प्रमाणपत्रं दिवाणजींच्या कपाटात गेली, आणि शेडमध्ये काकांनी त्यांना पान्ह्याला हात लावू दिला नाही. एक पोरगा सोडून गेला. आता मला वाटतं की दोन पोरांऐवजी काकांना आणि एका पोराला जोडीनं पाठवायला हवं होतं. पुढच्या वर्षी तसंच केलं. काका तिथल्या शिक्षकांशी दोन तास रोलरवरून वाद घालून आले, आणि येताना रोलरचा घेर मोजायची नवी पद्धत घेऊन आले. ती त्यांनीच सगळ्यांना दाखवली, मोठ्या रुबाबात.

व्हॉट्सॲपचा गट केला. बायांकडे फोन नाहीत, टोळीतल्या पोरांचा रिचार्ज संपलेला, आणि उरलेल्यांसाठी तो शेठच्या हुकमांचा गट झाला. त्यातून एकच चांगली गोष्ट निघाली. हेल्परनं नीट चालणाऱ्या जीनचा आवाज फोनवर भरून ठेवला. नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी तो ऐकवतात आणि मग बिघडलेला.

थाळी आणि चिंधी

जे टिकलं ते दोन साध्या गोष्टींत.

पहिली थाळी. काका हेल्परला शिकवताना म्हणायचे, "आवाज मंग आयक, अगुदर सरकी पाय." सरकीवर धागा राहिला असेल तर एक दोष, सरकी फुटली असेल तर दुसरा, टरफल सोललं असेल तर तिसरा. आम्ही ठरवलं की पाळी बदलताना दर जीनखालची मूठभर सरकी एका स्टीलच्या थाळीत ठेवायची. जाणारी आणि येणारी पाळी पंधरा मिनिटं एकत्र असेल. त्या पंधरा मिनिटांची रोजी दोघांना मिळेल. याच्यावर मी अडून बसलो, कारण फुकट वेळेत शिकायला सांगणं म्हणजे शिकणं बिनमोलाचं आहे असं सांगणं. चोवीस थाळ्यांपुढून सगळे चालत जातात. कुणीही कुठल्याही थाळीपाशी थांबून बोलावं.

पहिले आठ-दहा दिवस कुणी बोललं नाही. काका बोलत, बाकी माना हलवत. मग एका सकाळी पोडावरच्या त्याच मावशीनं सात नंबरच्या थाळीतली सरकी बोटांनी उलटसुलट केली, बारा नंबरच्या थाळीतली शेजारी ठेवली आणि म्हणाली, "हे दोन गावचा कापूस नोहे. कापूस एकच हाय. जीन येगळं चालून रायलं." काकांनी सात नंबर उघडलं. हलत्या पातीचा एक बोल्ट ढिला होता.

ज्या बाया दिवसभर कापसात हात घालून बसतात त्यांच्या बोटांना काय कळतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्यांचं काम कचरा वेचणं. केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्या, खताच्या पोत्यांचे प्लास्टिकचे दोरे. हा प्लास्टिकचा दोरा रुईत गेला तर गिरणीत सूत झालं तरी दिसत नाही, कापड झालं तरी दिसत नाही. कापड रंगवलं की त्याला रंग चढत नाही आणि अख्ख्या ताग्यात तो उठून दिसतो. या बायांना कुठल्या गावच्या गाडीत असे दोरे जास्त येतात हे तोंडपाठ होतं. आता त्यांच्यातली एक सकाळी गेटवर काटेवाल्याजवळ उभी राहते आणि गाडी खाली होताना शेतकऱ्याला दोरे दाखवते. मी सांगितलं तर शेतकऱ्याला वाटतं की कटती लावायचा बहाणा आहे. तिनं सांगितलं तर ऐकतात. "भाऊ, येचाले सुती पोतं वापर ना," एवढंच ती म्हणते.

दुसरी गोष्ट चिंधी. दर जीनच्या खांबाला एक लाल चिंधी लटकवलेली आहे. काही खटकलं, आवाज, वास, धग, काहीही, तर ती जीनच्या दांड्याला बांधायची. बांधणाऱ्यानं कारण द्यायची गरज नाही. चिंधी बांधली की जीन थांबतं आणि काका किंवा हेल्पर येऊन पाहतात. कोलामी बोलणारी, हिंदी बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी माणसं एकाच शेडमध्ये असताना आणि चोवीस जीनच्या आवाजात शेजारचा माणूसही ऐकू येत नसताना, दाखवता येणारी खूण लागते.

चिंधीची परीक्षा पहिल्याच आठवड्यात झाली. नव्या टोळीतल्या एका मुलीनं भर दुपारी तीन नंबरला चिंधी बांधली. बाहेर गाड्यांची रांग होती. काकांनी जीन उघडलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं. काहीच बिघाड नव्हता. पाऊण तास गेला. शेठ नेमके शेडमध्ये होते. सगळी शेड कामं करत त्या मुलीकडे आणि शेठकडे पाहत होती. मी शेठच्या जवळ जाऊन उभा राहिलो, पण बोलायची वेळ आली नाही. काकांनी हात पुसले, चिंधी सोडून परत खांबाला लटकवली आणि मुलीला म्हणाले, "बांधत जा, बाई." शेठ काही न बोलता बाहेर गेले. त्या महिन्यात चिंध्या वाढल्या. निम्म्याहून जास्त वेळा काही निघत नाही. मला ते मान्य आहे. हंगामाच्या शेवटी वेळेचा हिशेब मांडताना दिवाणजी दरवर्षी कुरकुरतात, आणि मी दरवर्षी त्यांना त्या मे महिन्याचा कागद दाखवतो.

अजून अडलेलं

टोळी दरवर्षी अर्धी नवी येते. जे एका हंगामात शिकलं ते मार्चमध्ये रेल्वेत बसून निघून जातं. मुकादमाला आगाऊ रक्कम देताना जुनी माणसं परत आणल्यास जास्त देऊ असं ठरवलं, त्यानं थोडा फरक पडला. पुरेसा नाही. नव्या पोरांना पहिले तीन दिवस जुन्याबरोबर जोडीनं उभं करतो. पण गाड्यांची रांग लागली की ते तीन दिवस दीडावर येतात, आणि ते माझ्याच हातून होतं.

हेल्पर आता एकट्यानं जीन बसवतो. काकांचा भत्ता ठरल्याप्रमाणे वाढला. अकरा नंबरच्या जीनची बैठक नवी टाकली, त्यामुळे पॅकिंगची गरज उरली नाही. काकांनी तसंच एक कापून त्या जीनच्या खांबावर खिळ्याला अडकवून ठेवलंय, चिंधीच्या बाजूला.

मावशी आणि तिच्याबरोबरची दुसरी एक बाई, दोघी आता रोज थाळ्या पाहून कुठलं जीन उघडायचं ते सांगतात. हे फिटरच्या हाताखालचं काम आहे. हजेरीपटावर मात्र दोघींची नावं अजून कचरा वेचणाऱ्यांत आहेत आणि रोजी तीच. काकांच्या बाबतीत जे शिकलो ते इथे विसरून चालणार नाही, नाहीतर याही एक दिवस वास येत असताना चूप बसतील, आणि तो त्यांचा हक्क असेल. दोघींना हेल्परच्या रोजीवर घ्यावं असा कागद मी दिवाळीआधी शेठकडे दिला आहे. काकांनी त्यावर अंगठ्याऐवजी सही केली, शिकून. शेठची सही अजून व्हायची आहे.